युरोप टूरमध्ये रेकॉर्ड घेणार असाल तर खोक्यावर ‘भेट’ लिहू नका

आर्वीवाले भाऊ, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि बायकोलाही वाचून दाखवला. नागपूरहून एप्रिल-मेमध्ये बारा दिवसांची युरोप टूर, सोबत वहिनी, मधल्या मोकळ्या वेळात जुन्या एलपी, म्हणजे गाण्यांच्या मोठ्या तबकड्या, शोधायच्या, आणि ‘जास्त झाल्या तर तिथूनच घरी पार्सल करून टाकू’. हे शेवटचं वाक्य ऐकून ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "त्याईले म्हणा, आधी आमचं खोकं पाहून जा."

म्हणून हे लांबण लावतो आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये आम्ही अगदी अशाच टूरला गेलो होतो.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. वडिलांचं बिछायत केंद्र होतं. मंडप, सतरंज्या, दोन भोंगे आणि लग्नात वाजवायच्या रेकॉर्डची एक लोखंडी पेटी, एवढ्यावर आमचं घर चाललं. मी मास्तरकी केली, पण ती पेटी सोडली नाही. त्यामुळे तुम्हाला ग्रेड (रेकॉर्ड किती चांगल्या स्थितीत आहे त्याची प्रत) म्हणजे काय, सुई कोणती, फोनवर डिस्कॉग्स ही रेकॉर्डच्या याद्यांची वेबसाइट उघडून आवृत्ती कशी ताडायची, हे सांगत बसत नाही. ते येत असल्याशिवाय माणूस असा प्रश्न विचारत नाही. एवढंच सांगतो की इंग्लंडमध्ये किमतीच्या चिठ्ठीवर ‘गुड’ लिहिलेलं असेल तर ती रेकॉर्ड चांगली नसते. फोडणीत मोहरी पडल्यासारखी तडतडते.

दुकानांचं थोडक्यात. टूरवाले लंडनमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवर खरेदीला सोडतात. आम्हाला अडीच तास दिले होते. बाकी मंडळी कपड्यांच्या दुकानांत शिरली की तुम्ही सोहोच्या बाजूला वळा. बर्विक स्ट्रीट पायी काही मिनिटांवर आहे. रेकलेस रेकॉर्ड्स आणि सिस्टर रे ही दोन्ही नावाजलेली दुकानं त्याच गल्लीत. तिसरं शोधायला जाऊ नका, अडीच तासांत दोनच होतात, तीही घाईघाईत. रफ ट्रेडचं मोठं दुकान ब्रिक लेनच्या बाजूला आहे, पण तिथे मुख्यतः नवा माल, आणि आपल्या कामाचा जुना.

मी पहिला पाऊण तास ‘इंडिया’ असा खण शोधण्यात घालवला. तसा खण कुठेच नसतो. आपलं शास्त्रीय ‘वर्ल्ड’मध्ये पडलेलं असतं, सिनेमाचं असलंच तर ‘साउंडट्रॅक’मध्ये. आणि रविशंकर मला चक्क साठच्या दशकातल्या रॉकच्या खणात मिळाले. ते अमेरिकेतल्या रॉकच्या महोत्सवांत, १९६७ ला मॉन्टेरेला आणि १९६९ ला वुडस्टॉकला, वाजवून आले, तेव्हापासून तिकडच्या दुकानदारांनी त्यांना त्याच पंक्तीला बसवलेलं दिसतं. लाज सोडून काउंटरवर विचारा. ते लोक चिडत नाहीत. उलट कोपऱ्यातली न लावलेली पेटी काढून देतात.

दुसरं, लेबलाचा खालचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. त्या ‘वर्ल्ड’च्या खणातला बराच माल आपल्याच कलकत्त्याच्या दमदम कारखान्यातून निघालेला असतो. तोच नागपूर-अमरावतीकडे रुपयांत मिळतो, तर पौंडात कशाला घ्यायचा? घ्यायचं ते तिकडचंच छापलेलं घ्या. अमेरिकेच्या वर्ल्ड पॅसिफिक कंपनीचं, नॉनसचच्या एक्सप्लोरर मालिकेतलं, फ्रान्सच्या ओकोराचं. अली अकबर खाँसाहेबांची १९५५ साली अमेरिकेत केलेली एलपी, जिचं प्रास्ताविक प्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिनने केलं, ती दिसली तर मात्र भाव करत बसू नका. मला नाही दिसली. मराठी नाट्यसंगीत, भावगीतं तिकडे शोधू नका, वेळ जातो.

७८ चे तवेही, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्याहून जुन्या रेकॉर्ड, घेऊ नका. लाखेचे असतात, तडकतात, आणि जड. आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडे पळसाच्या झाडावर घेतात ती लाख, तीच जात. ती लंडनहून उचलून परत विदर्भात आणायची म्हणजे नर्मदेचा गोटा नर्मदेत नेऊन टाकायचा.

आता खोक्याकडे येतो.

लंडनमध्ये मी १९ एलपी घेतल्या. कव्हरसकट एक एलपी पाव किलोच्या वर जाते, म्हणजे पाच-साडेपाच किलो झाले. पुढे दहा दिवस बस, हॉटेलं, आणि टूर मॅनेजर रोज सकाळी बॅगा मोजणार. मला वाटलं, पोस्टाने घरी पाठवून मोकळं व्हावं. दुकानातल्या पोराने चांगलं जाड खोकं दिलं. पोस्टाच्या काउंटरवर कस्टमचा फॉर्म भरायला मिळाला. त्यात चौकटी असतात: भेट, विक्रीचा माल, नमुना, इतर असं. मास्तर माणूस, आयुष्यभर फॉर्म भरले आणि पोरांचे तपासले. डोकं चालवलं. भेट म्हटलं की शुल्क लागत नसणार. ‘भेट’वर खूण केली. पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव, घेणाऱ्याच्या जागीही माझंच. म्हणजे मी मलाच भेट दिली. काउंटरवरच्या बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

मला जे माहीत नव्हतं ते असं. आपल्या सरकारने डिसेंबर २०१९ मध्येच टपालाने किंवा कुरिअरने ‘भेट’ म्हणून बिनशुल्क माल मागवणं बंद केलं आहे. सूट आहे ती जीव वाचवणाऱ्या औषधांना आणि राख्यांना. बाकी माल येऊ शकतो, पण पूर्ण शुल्क भरून. म्हणजे ज्या एका खुणेने पैसे वाचतील म्हणून मी खूश होतो, त्याच खुणेने खोकं अडकलं.

आम्ही घरी पोचलो, आणि चार दिवसांनी पत्र. ज्या कार्यालयात परदेशी पार्सलं उघडून पाहतात तिथून. नाव घेत नाही, गावही सांगत नाही. पत्रात ओळखपत्र आणि बिल मागितलं होतं. मी बिल पाठवलं. त्यावर उत्तर काय, तर भेटवस्तू आहे तर बिल कसं, आणि बिल आहे तर भेट कशी? प्रश्न बरोबरच होता, माझ्या वर्गात कोणी असा विचारला असता तर मी शाबासकी दिली असती. पण मग पुढे काय करायचं, ते कोणी सांगेना. फोन केला की ‘मेल करा’. मेल केला की ‘मूळ कागद घेऊन प्रत्यक्ष या’. आमच्या गावाहून प्रत्यक्ष जायचं म्हणजे एक रात्र आणि अर्धा दिवस. कल्याणला भाचा आहे, त्याने सुटी टाकून चक्कर मारली. त्या दिवशी संबंधित साहेब नव्हते. दुसऱ्यांदा गेला तेव्हा टेबल बदललेलं, आणि नव्या टेबलाकडे फाइल आलेली नव्हती.

तिसऱ्या खेपेला एका चपराशाने त्याला जिन्यात सांगितलं, "साधा अर्ज द्या ना. चौकटीवर चुकून खूण झाली, माल स्वतःच्या वापराचा आहे, शुल्क भरायला तयार आहे." चार ओळी. भाच्याने तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून लिहिल्या, आणि दोन दिवसांत खोकं सुटलं.

भाऊ, शुल्काबद्दल माझी तक्रार नाही. लागलं ते भरलं, आणि पहिल्या दिवशी सांगितलं असतं तरी भरलंच असतं. चूक माझी होती हेही कबूल आहे. राग याचा की त्या चार ओळी त्या इमारतीतल्या प्रत्येक माणसाला पाठ होत्या, आणि त्या आमच्यापर्यंत पोचायला महिना लागला. आमच्याकडे पीक विम्याचे कागद घेऊन हिंडणाऱ्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही. पण पीक विम्याचा कागद कपाटात वितळत तरी नाही.

कारण हा महिना कोणता, तर मे. खोकं आमच्याकडे निघालं ते नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. तालुक्याला पोचलं, आणि जड म्हणून मागच्या टिनाच्या शेडमध्ये ठेवलं गेलं. सूचनेची चिठ्ठी आमच्या घरी आली तेव्हा आम्ही पुसदला साळीच्या पोरीच्या लग्नात. चिठ्ठी शेजाऱ्याने देवळीत ठेवली आणि विसरला. सहा दिवस. बाहेर सावलीत ४५ अंश, तर टिनाखाली किती असेल ते तुम्ही आर्वीचे आहात, तुम्हाला सांगायला नको. एलपीचं प्लास्टिक साठ-सत्तर अंशांच्या आसपास नरम पडतं, आणि खोकं भिंतीला तिरपं टेकवलेलं. तिथल्या पोराचा दोष नाही, त्याला काय माहीत आत काय आहे ते. मी खोक्यावर काचेची खूण काढली होती, पण उन्हाची खूण कुठे असते?

घरी आणून उघडलं. शेजारच्या अंगणात पापड वाळत घातलेले होते आणि माझ्या हातात त्यांचेच काळे भाऊबंद. १९ पैकी १६ च्या कडा उठलेल्या. तीन मधल्या म्हणून वाचल्या. बायको काही बोलली नाही. त्या दिवशी तिने बोलायला पाहिजे होतं.

कोणी म्हणेल, दोन काचांमध्ये दाबून उन्हात ठेवा, सरळ होते. मी चार तशा करून पाहिल्या. सरळ झाल्या, पण चऱ्या दबल्या, आवाज गेला. बाकीच्या तशाच ठेवल्या आहेत.

आणि त्याच टूरमध्ये ॲम्स्टरडॅमला घेतलेल्या आठ एलपी मी केबिनच्या बॅगेतून आणल्या. आठही आज टेबलावर फिरतात. म्हणून माझं मत, आणि हे फक्त माझं मत आहे, मी काही कस्टमचा वकील नाही: पोस्टाने पाठवूच नका. पंधरा घ्या, पण हातात आणा. पाठवायचंच असेल तर दुकानालाच पाठवायला सांगा. त्यांच्याकडे रेकॉर्डची खास खोकी असतात, आणि तेच ‘विक्रीचा माल’ आणि खरी किंमत लिहितात. आणि मार्च ते जून आपल्या भागात तर नाहीच नाही.

हातात आणायची रीत अशी. तबकडी आतल्या कागदी पाकिटासकट मोठ्या कव्हरमधून बाहेर काढून त्याच्या मागे ठेवायची, नाहीतर धक्क्याने कव्हरची शिवण उसवते. गठ्ठा उभा, दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा, मग वहिनींची शाल. आडवा रचू नका. विमानतळाच्या एक्स-रेने रेकॉर्डला काही होत नाही, उगाच वाद घालू नका. सगळी बिलं पासपोर्टसोबत ठेवा. आम्ही आलो तेव्हा २०१६ च्या नियमाप्रमाणे माणशी ५०,००० रुपयांपर्यंतचा माल बिनशुल्क आणता येत होता, निघण्याआधी चालू आकडा पाहून घ्या. पण ही सवलत सोबतच्या सामानाला असते, मागून येणाऱ्या पार्सलाला नाही. आणि नवरा-बायकोची मिळून एक करता येत नाही. लंडनमध्ये टॅक्स परत मिळेल असं टूरमध्ये कोणीतरी सांगेल. पर्यटकांसाठीची ती सोय इंग्लंडने २०२१ पासून बंद केली आहे.

ॲम्स्टरडॅममध्ये कॉन्सर्टो चुकवू नका. उट्रेख्तसेस्ट्राटवर १९५५ पासूनचं दुकान आहे. डाम चौकातून पायी वीसेक मिनिटं, किंवा स्टेशनवरून ४ नंबरची ट्राम. तुम्ही ट्युलिपच्या हंगामात जात आहात, तर तारखा २७ एप्रिलशी जुळतात का तेही बघा. त्या दिवशी त्यांच्या राजाचा वाढदिवस असतो (रविवार आला तर आदल्या दिवशी साजरा करतात) आणि अख्खं गाव घरातलं जुनं सामान रस्त्यावर मांडून विकतं. आपल्या आठवडी बाजारासारखंच, फक्त भाजीच्या जागी लोकांचे पोटमाळे. त्या गर्दीत टूरची बस कुठे सोडेल, ते मॅनेजरला आधीच विचारा. जर्मनीत मुक्काम रविवारी असेल तर आशा सोडा, दुकानं बंद असतात.

टूर मॅनेजरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की तुम्हाला रेकॉर्डची दुकानं पाहायची आहेत. मी लपवलं, आणि बर्विक स्ट्रीटवरून बसकडे पळत आलो तेव्हा ३८ माणसं खिडक्यांतून माझ्याकडे बघत होती.

परत याल तेव्हा मे महिना असेल. नागपूरला गाडी घ्यायला आली की बॅग डिकीत टाकू नका, मांडीवर घ्या. वाटेत जेवायला उतरलात तरी सोबत आत न्या, ढाबेवाला हसला तरी चालेल.