धोका ताटातून गेला, पण गेला कुठे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या महिन्यात मी लिहिलं होतं की पॅकहाऊस (माल निवडून पॅक करायची जागा) असो, दूध संकलन केंद्र असो की मासळीची मंडई, आपण एखादी जागा "हायजेनिक" करायला घेतो तेव्हा खाणाऱ्याचा धोका कमी होतो खरा, पण बऱ्याचदा तोच धोका उचलून आपण कामगाराच्या अंगावर नाहीतर गावच्या ओढ्यात टाकत असतो, आणि प्रकल्पाच्या कागदावर त्याची कुठे नोंदच नसते. त्यावर बरेच प्रश्न आले, त्यातले पाच घेतोय.

प्रश्न : आमची नाशिक जिल्ह्यात शेतकरी उत्पादक कंपनी आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून चाललेल्या एका प्रकल्पातून द्राक्षाचं पॅकहाऊस आणि कोल्ड स्टोरेज उभं करतोय. पर्यावरण आणि सामाजिक आराखडा द्या म्हणतात. एक कन्सल्टंट तयार फाईल देतो म्हणतोय, घ्यावी का?

नका घेऊ. तयार फाईल म्हणजे दुसऱ्याच्या पॅकहाऊसचं नाव खोडून तुमचं टाकलेलं असतं, दुष्काळी तालुक्यातल्या प्रकल्पाच्या फाईलीत मी खारफुटीवर अख्खं पान वाचलेलं आहे. बँकेची सध्याची पर्यावरण-सामाजिक चौकट १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहे, तिच्यात दहा मानकं आहेत, ती दहाच्या दहा पाठ करायची गरज नाही, तुमच्या कामाला मुख्यतः मजूर, प्रदूषण, आजूबाजूच्या लोकांची सुरक्षितता आणि लोकांशी बोलणं एवढी लागतात. जागा नवी घेताय तर जमिनीचं पण बघावं लागेल.

आराखडा असा लिहा. क्रेट गेटवर उतरल्यापासून कंटेनरमध्ये चढेपर्यंत तिच्यामागे चालत जा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा, इथे कोण उभं आहे, किती तास, काय हुंगतंय, आणि इथलं पाणी पुढे कुठे जातंय. बस्स, निम्मा आराखडा तिथेच होतो.

आता कोल्ड स्टोरेज. अमोनियावर चालणार असेल तर हा तुमचा सगळ्यात मोठा धोका आहे, बाकी सगळं नंतर. लोक म्हणतात अमोनिया हवेपेक्षा हलका आहे, वर निघून जातो, पण गळती होते तेव्हा तो थंडगार असतो आणि हवेतला ओलावा धरून पांढऱ्या धुक्यासारखा जमिनीलगत सरकतो, म्हणजे जिथे माणसं आहेत तिथेच. म्हणून बाजूला शाळा किंवा वस्ती किती मीटरवर आहे ते प्लॅनवर मांडा, छतावर वारा दाखवणारी पिशवी लावा, दोन बाजूंना दोन दरवाजे ठेवा, आणि सगळ्यांना शिकवा की वाऱ्याला आडवं पळायचं आणि नाकातोंडाला ओला फडका धरायचा. श्वासाचे मास्क मशीन रूमच्या आत नाही तर बाहेर टांगा, आत गॅस असताना ते आणायला कोण जाणार? साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी मारायचं नाही, त्याने तो आणखी उसळतो.

दुसरं म्हणजे धुण्याची केमिकलं. हायपोक्लोराइट (क्लोरीनवालं ब्लीच) आणि ॲसिड एका कपाटात ठेवू नका, एका बादलीत तर कधीच नाही, क्लोरीन गॅस तयार होतो आणि तो हुंगणारी नेहमी सफाईवालीच असते.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. एका पॅकहाऊसवर मी ऑडिटला गेलो होतो. चकचकीत हॉल, डोक्याला टोप्या, हातात कात्र्या, घड सफाई चाललेली, बायका बहुतेक पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागातून टोळीने आलेल्या. दुपारी जेवताना लक्षात आलं की कुणी पाणीच पीत नाहीये. विचारलं तर एकजण म्हणाली, "संडास त्या टोकाला हाय, जाऊन यायचं तर मुकादमाला सांगावं लागतं, मग नकोच पाणी." हात धुवायचं बेसिन हॉलच्या दारात होतं पण संडासात साबण नव्हता. म्हणजे सर्टिफिकेटवर जे हात सगळ्यात स्वच्छ मानले होते तेच खरे धोक्याचे होते. संडास हा "सामाजिक" खर्च म्हणून शेवटच्या बिलात टाकू नका, तो अन्नसुरक्षेचाच खर्च आहे. सोबत लेकरांसाठी एक सावलीची खोली ठेवा, नाहीतर ती क्रेटांच्या रांगेत खेळणार आणि फोर्कलिफ्ट तिथूनच फिरणार. तक्रार पेटी मॅनेजरच्या केबिनबाहेर लावू नका. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागतेच, तिचं नाव-नंबर भिंतीवर हवं, आणि टोळीच्या बोलीत कुणीतरी ते वाचून दाखवायला हवं.

प्रश्न : युरोपसाठी रेसिड्यू-फ्री, म्हणजे औषधाचा अंश न राहिलेली द्राक्षं करतो. औषधं बदलली, रिपोर्ट क्लीन येतात. मग फवारणीवाल्या गड्याला आता काही धोका नाही ना?

आहे. रिपोर्ट घडाचा असतो, गड्याच्या शर्टाचा नसतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट ह्या वाढरोधकाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली तेव्हापासून बागायतदार काढणीपूर्व कालावधीचं (शेवटची फवारणी ते काढणी इतक्या दिवसांचं) गणित फार बारकाईने मांडतात, ही चांगलीच गोष्ट झाली. पण काढणीपर्यंत विरून जाणारं औषध फवारताना सौम्यच असेल असं अजिबात नाही, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर गेले, तिथे प्रश्न मालातल्या रेसिड्यूचा नव्हता, उंच वाढलेल्या पिकात घुसून डोक्याच्या वर फवारणाऱ्या माणसाचा होता. द्राक्षाचा मांडव पण डोक्यावरच असतो, लक्षात घ्या.

डब्यावरचा त्रिकोण बघा, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, आणि हिरवा म्हणजे प्यायचं सरबत नव्हे. रिकामा डबा तीनदा विसळायचा, ते पाणी पंपातच ओतायचं आणि डब्याला भोक पाडायचं, कारण भोक नसलेला डबा संध्याकाळी कुणाच्या तरी घरी पाण्याला लागतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

प्रश्न : माझी आई तीस वर्षं मंडईत मासळी विकते. आता नवीन हायजेनिक मार्केट होणार, तोवर सगळ्यांना दुसरीकडे हलवणार म्हणे. आम्ही काय मागायचं?

सगळ्यात आधी यादी मागा. कोणत्या तारखेला, कुणाकुणाची नावं घेतली, ती मंडईत मोठ्या अक्षरात लावायला सांगा. परवानावाल्या बायका यादीत येतात, पण कोळंबी सोलून देणारी, बर्फवाला, डोक्यावरून टोपल्या आणणारा, बाहेर फुटपाथवर वाटे लावून बसणारी म्हातारी, ही माणसं सुटतात, आणि मार्केट हललं की त्यांचं पोट आधी जातं. जागतिक बँकेचा पैसा असेल तर जमिनीवर कायदेशीर हक्क नसलेल्यांनासुद्धा बुडालेल्या कमाईची मदत मिळायला हवी, ते वर सांगितलेल्या दहांतल्या पाचव्या मानकात आहे. फुटपाथवरच्यांसाठी आपला २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, तीस दिवसांची नोटीस दिल्याशिवाय हलवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्याच असतात, त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. आईला किंवा शेजारणीला तिथे पाठवा.

हलवायची वेळ पण तुम्हीच सुचवा. जूनपासूनच्या पावसाळी मासेमारी बंदीत तसाही धंदा मंद असतो, तेव्हा हललं तर नुकसान कमी. होळीच्या, लग्नसराईच्या तोंडावर हलवू देऊ नका.

अजून एक गोष्ट जी इंजिनियरच्या डोक्यात येत नाही, ओट्याची उंची. तीस वर्षं बसून कोयता चालवलेल्या बाईला उभं राहून स्टीलच्या ओट्यावर दिवसभर काम करायला लावलं तर चार महिन्यांत कंबर जाते, मग ती परत जमिनीवर बसते आणि लाखोंचे ओटे सामान ठेवायला लागतात. लाकडाचा एक नमुना ओटा बनवून घ्या, चार-पाच जणींना आठवडाभर वापरायला द्या, मग डिझाईन पक्कं करा. गटारावर जाळी आणि खवलं-आतडी अडवणारा खड्डा हवाच, नाहीतर पहिल्याच पावसात शेजारची सोसायटी तुमच्या विरोधात सह्या गोळा करेल.

प्रश्न : कोल्हापूरकडे आमचं गुऱ्हाळ आहे. सरकारी अनुदानातून शेड बंदिस्त, जाळ्या-बिळ्या, स्टीलची काहील करतोय. यात पर्यावरणाचं काय बघायचं?

पीएमएफएमई ह्या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान ठरलेलं आहे, योजना चालू असेल तर जरूर घ्या. पण माशा येऊ नयेत म्हणून शेड बंद केलं की वाफ आणि धूर पण आतच कोंडतो, उघड्या गुऱ्हाळात तो वाऱ्याने निघून जायचा. म्हणून आधी चिमणी आणि छताची हवा, मग जाळ्या. चुलवाणात चिपाडच जाळा, प्लास्टिक, टायर, चपलांचं भंगार अजिबात नाही, त्याचा धूर गुळात पण उतरतो आणि जाळ घालणाऱ्याच्या छातीत पण. गुळाचा रंग उजळायला टाकतात त्या हायड्रॉस पावडरचं पण तेच. गुळातल्या सल्फर डायऑक्साइडला ७० पीपीएमची (दहा लाख भागांत ७०) मर्यादा आहे ती खाणाऱ्यासाठी, पण उकळत्या रसात पावडर पडते तेव्हा जो गॅस निघतो तो काहिलीवर वाकलेल्या गुळव्याच्या नाकात जातो, त्याला कसली मर्यादा? रस निवळायला भेंडीचं पाणी वापरा, रंग थोडा काळपट येईल, गिऱ्हाईकाला समजावून सांगायची तयारी ठेवा. आणि काहिलीभोवती कठडा करा, गुऱ्हाळावर लेकरं असतातच.

प्रश्न : गावच्या दूध केंद्रात बल्क कूलर (दूध थंड ठेवायची मोठी टाकी) बसवला. धुण्याचं पाणी ओढ्यात जातं. नुसतं पाणीच तर आहे ना, त्यात काय एवढं?

नुसतं पाणी नाही हो ते. दुधाचा बीओडी, म्हणजे ते कुजताना पाण्यातला जेवढा ऑक्सिजन खातं तो आकडा, लिटरला साधारण एक लाख मिलिग्रॅम असतो, म्हणजे सांडलेलं एक लिटर दूध ओढ्यातला ऑक्सिजन दोन माणसांच्या दिवसभराच्या सांडपाण्याएवढा खातं, आणि नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला लिटरला ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातलेली असते. वर त्यात धुण्याचा कॉस्टिक सोडा आणि ॲसिड. पहिली गोष्ट, कूलर आणि कॅन रिकामे झाले की दोन-तीन लिटर पाण्याने विसळून ते पांढरं पाणी वेगळं काढा आणि जनावरांना पाजा, पण केमिकल लावायच्या आधीचंच, नंतरचं चुकूनही नाही. उरलेलं पाणी दोन कप्प्यांच्या टाकीत घ्या, आंबट-खारं एकमेकांत मिसळून मवाळ झालं की मग शोषखड्ड्याकडे. खड्डा कुणाच्या विहिरीजवळ येत नाही ना ते आधी बघा, आणि सुरू करताना प्रदूषण मंडळाची संमती लागते का ते विचारून घ्या. कॉस्टिक हाताळणाऱ्या पोराला गॉगल आणि कोपरापर्यंतचे हातमोजे द्या. बहुतेक केंद्रांवर हातमोजे असतात, गॉगल खोक्यातच पडलेला असतो, आणि उडतं ते डोळ्यातच.