वाढदिवस थीम पार्कात, पण मुक्काम कुठे?

प्रश्न : मुलीला पाच वर्षं पूर्ण होतायत. तिचा वाढदिवस थीम पार्कात करायचं आम्ही तिला कबूल केलंय. धाकटा तेव्हा पावणेतीन वर्षांचा असेल. चार रात्रींचा बेत आहे : दोन दिवस पार्क, एक दिवस आसपास फिरायला. पार्कच्या आवारातल्या हॉटेलचं भाडं बाहेरच्या चांगल्या हॉटेलच्या अडीचपट आहे. बाहेर राहिलो तर पार्कला जाण्यायेण्याच्या टॅक्सीला रोज तिथल्या एका रात्रीच्या भाड्याच्या साधारण पाव खर्च येईल. सहलीसाठी साठवलेले पैसे बाहेर राहिलो तर पुरतात. आत राहायचं तर आपत्कालीन निधीतून काढावे लागतील. तो आज चार महिन्यांच्या घरखर्चाएवढा आहे, मग अडीच महिन्यांचा उरेल. नाहीतर क्रेडिट कार्ड. घरात सध्या एकच पगार आहे. मिस्टर म्हणतात, ‘एकदाच तर जातोय.’ वाढदिवस शनिवारी येतोय. काय करावं?

उत्तर : ताई, तुम्ही हिशेब इतका नीट मांडलाय की माझं निम्मं काम झालंय. एकच गोष्ट सुटली. चारही रात्री आत किंवा चारही रात्री बाहेर, एवढे दोनच रस्ते आहेत असं तुम्ही धरून चालला आहात. तिसरा रस्ता आहे आणि तुमच्या घरासाठी मला तोच बरोबर वाटतो : एकच रात्र आत राहा, वाढदिवसाची. बाकीच्या बाहेर काढा. आणि आपत्कालीन निधीला हात लावू नका.

निधीचं आधी बोलते, कारण त्यावर मला तडजोड नको आहे. एकच पगार आणि दोन लहान मुलं असलेल्या घरात मी निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायला सांगते. तुमच्याकडे चार महिन्यांचा आहे, म्हणजे तो आधीच तोकडा आहे. त्यातले दीड महिने हॉटेलला दिले तर सहलीहून परतल्यावर ते भरून काढायला कितीतरी महिने जातील, आणि तोवर एखादं मोठं आजारपण किंवा नोकरीतला खंड आला तर अडीच महिन्यांत सगळं आटोपावं लागेल. कार्डाचा मार्ग त्याहून महाग. दरमहा 3 टक्के हा आकडा दिसायला लहान, पण थकलेल्या रकमेवर व्याजावर व्याज चढत गेलं की वर्षाला तो 42 टक्क्यांच्या वर जातो. तुमच्या कार्डाचा दर स्टेटमेंटवर छापलेला असतो, तो एकदा बघा.

मिस्टरांचं म्हणणं मला समजतं. पाचवा वाढदिवस पुन्हा येणार नाही, हे खरंच आहे. पण सहलीचे साठवलेले पैसे तुम्ही आखडता हात न घेता खर्चावेत याचं ते कारण आहे. निधी मोडायला ते कारण पुरत नाही.

आता आतल्या हॉटेलकडे वळू. ते इतकं महाग का, हे कळलं की त्यातलं आपल्याला काय हवंय ते निवडता येतं. वॉल्ट डिस्नेने 1955 मध्ये कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमला डिस्नेलँड उघडलं, तेव्हा सगळा पैसा पार्क उभारण्यातच संपला होता. शेजारचं डिस्नेलँड हॉटेल त्याच वर्षी जॅक रॅदर नावाच्या दुसऱ्याच उद्योजकाने उभं केलं, आणि ते डिस्ने कंपनीच्या हातात यायला 1988 उजाडलं. पार्काभोवती इतरांची हॉटेलं उगवत गेली आणि येणाऱ्यांचा मुक्कामाचा पैसा त्यांच्याकडे जात राहिला. हा धडा घेऊन फ्लोरिडात सुमारे 27 हजार एकर जमीन आधीच घेतली गेली, आणि 1 ऑक्टोबर 1971 ला तिथलं पार्क उघडलं ते कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन या दोन स्वतःच्या हॉटेलांसकट. म्हणजे पार्कजवळची खोली हा त्या धंद्याचा मोठा भाग आहे. म्हणूनच खोलीसोबत तुम्हाला पार्कातला वेळ विकला जातो : लवकर प्रवेश, कमी रांग, दोन पावलांवर पलंग.

तेव्हा रात्रींचा भाव बघताना एक प्रश्न विचारा, हा वेळ मला किती दिवस वापरता येणार? तुमचे पार्कचे दिवस दोन. चार रात्री आत राहिलात तरी उपयोगाचे दिवस दोनच.

आणि इथेच एक बारीक नियम कामाला येतो. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना पार्कात अर्धा तास आधी सोडतात, ते चेक-इनच्या दिवशीही आणि चेक-आउटच्या दिवशीही. फ्लोरिडातच ऑरलँडोला युनिव्हर्सल हे दुसरं थीम पार्क आहे, तिथल्या काही महागड्या हॉटेलांत रांग टाळायचा एक्स्प्रेस पास खोलीसोबत मिळतो, तोही दोन्ही दिवस चालतो. म्हणजे रात्र एक आणि फायदा दोन दिवसांचा. पण सगळीकडे असं नाही. टोकियो डिस्नेमध्ये हॉटेलच्या पाहुण्यांना 15 मिनिटं आधी आत घेतात आणि चेक-इनचा दिवस साधारणपणे त्यात धरत नाहीत. कोणत्या पार्कात जाताय ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून सांगते : त्यांच्या संकेतस्थळावर एवढी एक ओळ शोधा. आगमनाचा दिवस धरतात की नाही, हे तुमच्या जाण्याच्या तारखेसाठी बघा, कारण हे नियम बदलत असतात. धरत असतील तर माझा पुढचा हिशेब तंतोतंत लागू होतो. धरत नसतील तर ती एक रात्र पार्कच्या पहिल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी घ्यायची की मधली, हा विचार करावा लागेल.

बाहेरच्या हॉटेलची एक रात्र म्हणजे एक भाग धरू. चारही रात्री बाहेर : चार भाग, आणि दोन दिवसांच्या टॅक्सीचा अर्धा. साडेचार. चारही रात्री आत : दहा. तीन रात्री बाहेर, एक आत : तीन अधिक अडीच, आणि टॅक्सी फक्त एकदा जाताना, एकदा येताना, म्हणून पाव. पावणेसहा. दहा आणि साडेचार यांतल्या साडेपाच भागांच्या फरकासाठी तुम्हाला निधीतला दीड महिन्याचा घरखर्च काढावा लागतोय, म्हणजे एक भाग साधारण आठ दिवसांचा घरखर्च होतो. म्हणजे या मिश्र बेताला दहा दिवसांचा घरखर्च जास्त लागेल. तोही नको असेल तर आसपास फिरायचा दिवस आणि त्याची रात्र गाळा. मग बेरीज पावणेपाच होते, चारही रात्री बाहेर राहण्यापेक्षा फक्त दोन दिवसांच्या घरखर्चाएवढी वर. दोन पार्कदिवसांनंतर पावणेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन आणखी फिरायला तुमच्यात त्राण उरेल असं मला वाटत नाही, म्हणून मी तो दिवस निःशंकपणे गाळेन.

एक अडचण मात्र लपवणार नाही. आतल्या हॉटेलचा मोठा फायदा म्हणजे दुपारची झोप, आणि एका रात्रीत तो पूर्ण मिळत नाही. खोली बहुतेक ठिकाणी दुपारी तीन-चारला ताब्यात येते आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास सोडावी लागते. म्हणून वाढदिवस पहिल्या दिवशी ठेवा. सकाळी बाहेरचं हॉटेल सोडून सामान आतल्या हॉटेलच्या काउंटरवर जमा करा आणि थेट पार्कात शिरा. तीन-चारला खोली मिळाली की मुलांना दोन तास आडवं करा, आणि अंधार पडताना पुन्हा आत जा. दुसरा दिवस लहान ठेवा, दुपारपर्यंतच.

त्या दोन तासांबद्दल मी एवढ्या ठामपणे का सांगते? माझा मुलगा चार वर्षांचा असताना आम्ही बाहेरच्या हॉटेलात राहून असाच दिवस केला होता. सकाळी नऊपासून तो धावत होता. संध्याकाळी सहाला त्याने माझ्या खांद्यावर मान टाकली, मनगटाला फुग्याची दोरी बांधलेली, तोंड अर्धवट उघडं. रोषणाई आठला होती. आम्ही परतीच्या बसच्या रांगेत उभे होतो तेव्हा मागे आकाश लाल झालं, आवाज आला, आणि तो जागाही झाला नाही. सकाळी त्याने विचारलं, ‘फटाके कधी आहेत?’ त्या सहलीची पै न पै मी लिहून ठेवली होती, पण दुपारची झोप कुठल्याच रकान्यात नव्हती. तुमच्या हिशेबात ती असावी.

बुकिंग करताना दोन दर दिसतील : एक स्वस्त पण पैसे परत न मिळणारा, दुसरा रद्द करता येणारा. समजा स्वस्त दर महाग दरापेक्षा 15 टक्क्यांनी कमी आहे. गणित सोपं आहे : सहल रद्द व्हायची शक्यता 15 टक्क्यांहून जास्त असेल, म्हणजे साधारण सातात एकदा, तर महाग दर घेणंच फायद्याचं. दोन लहान मुलं, ताप, कांजिण्या, कानदुखी... माझ्या मते तुमच्या घरात ती शक्यता तेवढी नक्कीच आहे. रद्द करता येणारा दर घ्या. फुकट रद्द करायची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि ती हॉटेलच्या गावच्या वेळेप्रमाणे असते हे विसरू नका. खोली आणि तिकिटं एकत्र असलेल्या पॅकेजच्या अटी बऱ्याचदा नुसत्या खोलीपेक्षा कडक असतात, म्हणून दोन्ही वेगवेगळं घेऊन किती पडतं तेही एकदा मांडून बघा.

बाहेरच्या हॉटेलचा भाव शेवटच्या पानावरचा धरा, पहिल्या पानावरचा नको. रिसॉर्ट फी (हॉटेल सोयींच्या नावाखाली भाड्यावर सक्तीने लावतं ती), पार्किंग, कर, जादा पलंग हे नंतर चढतात. अमेरिकेत 12 मे 2025 पासून सक्तीची फी जाहिरातीतल्या भावातच धरून दाखवावी लागते, इतर देशांत असा नियम असेलच असं नाही. तुमचं ‘अडीचपट’ हे सगळं धरून आहे का, ते तपासा. मला वाटतं फरक थोडा कमी निघेल.

आता शनिवार. बरीच मोठी पार्कं तिकिटाचा दर तारखेवर ठरवतात, टोकियो डिस्नेही मार्च 2021 पासून तसंच करतं, आणि खोल्यांचे दर तर त्याहून जोरात हलतात. शनिवार बहुधा महागात पडतो आणि रांगाही मोठ्या. पाच वर्षांच्या मुलीसाठी ज्या सकाळी तुम्ही तिला मिठी मारून शुभेच्छा द्याल तो वाढदिवस. त्याच आठवड्यातला मंगळवार-बुधवार घ्या आणि आतल्या त्या एका रात्रीचा भाव पुन्हा काढा.

पण सहल फार पुढे ढकलू नका, कारण धाकटा. फ्लोरिडाच्या डिस्नेमध्ये तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, तीन ते नऊ मुलांचं तिकीट आणि दहापासून मोठ्यांचं. हाँगकाँगच्या डिस्नेलँडलाही तीनच्या आत फुकट. टोकियोत चारपासून तिकीट लागतं. म्हणजे टोकियो सोडलं तर पुढच्या वर्षी यांपैकी कुठेही गेलात तरी एक माणूस तिकिटात वाढतो. म्हणून पैसे आणखी साठवू आणि वर्षभराने जाऊ, हा पर्याय मी तुमच्यासाठी मागे ठेवला.

खोलीतली सजावट, किल्ला दिसणारी खिडकी, वाढदिवसाचं खास पॅकेज यांवर पैसे घालू नका. फ्लोरिडाच्या डिस्ने पार्कात मागितला की वाढदिवसाचा बिल्ला फुकट देतात, आणि तो छातीवर लावलेल्या मुलीला येताजाता कर्मचारी शुभेच्छा देतात. खिडकीबाहेरचा किल्ला बघायला तुम्ही खोलीत असणार कधी?

शेवटचं एक काम आजच करून टाका. मुलीला बूट काढून भिंतीशी उभी करा आणि उंची मोजा. फ्लोरिडाच्या डिस्नेतल्या स्पेस माउंटन या राइडला किमान 112 सेंटिमीटर लागतात आणि पाच वर्षांची पुष्कळ मुलं तिथे कमी पडतात. डम्बोच्या उडत्या हत्तींना मात्र उंचीची अट नाही. तुमच्या पार्काची उंचीची यादी आधी वाचा, आणि ज्या राइडला ती बसू शकणार नाही तिचं नाव घरात काढू नका.