शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याने जॅझ कुठून सुरू करावा? एकच अल्बम सुचवाल का?

तुम्ही लिहिलंय की वीस वर्षं ख्याल आणि तबला ऐकताय, जॅझ तीन-चार वेळा लावून पाहिला, पण सुरुवातीची धून संपली की पुढे कोण काय वाजवतंय याचा पत्ताच लागत नाही. एकच अल्बम सांगायचा तर माझं उत्तर ठरलेलं आहे: सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्सचा 'सॅक्सोफोन कोलोसस'. आणि तो सुरुवातीपासून लावू नका. शेवटची चीज आधी ऐका. तिचं नाव 'ब्लू सेव्हन'.

असं का, ते सांगते. मी सांगलीत बारा वर्षं तबला शिकले. गुरुजी ऐंशीच्या पुढे गेल्यावर त्यांचं वाजवणं बंद झालं होतं, पण ऐकणं नाही. एका दुपारी मी त्यांना 'ब्लू सेव्हन' ऐकवलं. जॅझ त्यांनी त्याआधी कधी ऐकला नव्हता. सुरुवातीला एकटा डबल बास चालतो, एकेका मात्रेवर एकेक स्वर, संथ पावलं टाकल्यासारखा. गुरुजींचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला. मग ड्रम्स आले, सॅक्सोफोन आला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग डोळे न उघडता म्हणाले, "तीन आवर्तनं झाली की परत पहिल्या जागी येतोय हा."

'ट्वेल्व्ह बार ब्लूज' हे नाव मी पुस्तकांत कितीदा वाचलं होतं. बारा बार, प्रत्येकात चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं चक्र. पण ४८ म्हणजे १६ मात्रांच्या तीनतालाची तीन आवर्तनं, हे कुठल्याच पुस्तकाने मला सांगितलं नव्हतं. ब्लूजच्या गाण्यात तीन ओळी असतात: पहिली, मग बहुतेक वेळा तीच पुन्हा, मग तिला उत्तर देणारी तिसरी. प्रत्येक ओळ चार बारांची, म्हणजे बरोब्बर १६ मात्रांची. तुम्ही तीनताल मोजू शकत असाल, तर या चिजेत तुम्ही हरवूच शकत नाही. धून संपली तरी चक्र संपत नाही. जो कोणी वाजवत असेल, तो त्या ४८ मात्रांच्या फेऱ्यांतच असतो. तुम्हाला लागत नव्हता तो पत्ता हाच.

एक सवय मात्र बदलावी लागेल. आपला जोर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. इथे ड्रमवादकाच्या डाव्या पायाखालची झांजांची जोडी, म्हणजे हाय-हॅट, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटते. चुटकी तिथे वाजवून पाहा, लय लगेच अंगात भिनते.

आता अल्बमबद्दल. २२ जून १९५६ रोजी न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅकमध्ये, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत, एकाच दिवसात हे सगळं ध्वनिमुद्रित झालं. स्टुडिओ म्हणजे त्याच्या आईवडिलांच्या घरातली बैठकीची खोली. वाजवणारे चौघं: टेनर सॅक्सोफोनवर रोलिन्स, पियानोवर टॉमी फ्लॅनागन, बासवर डग वॉटकिन्स, ड्रम्सवर मॅक्स रोच. रोलिन्स तेव्हा २५ वर्षांचा होता. पाच चिजा, मिळून चाळीसेक मिनिटं. प्रेस्टिज कंपनीने अल्बम काढला.

'ब्लू सेव्हन' मला एवढं का आवडतं, तर त्यात मला तबल्यातला कायदा ऐकू येतो. कायद्याचा नियम तुम्हाला माहीत आहे: मुखात जे बोल आहेत तेवढेच वापरायचे, त्यांची उलटापालट करून पलटे कितीही करा, बाहेरचा बोल आणायचा नाही. रोलिन्सची मूळ धून जेमतेम दोन-चार स्वरांची आहे, आणि ती ज्या अंतरावर उभी आहे ते अंतर सा ते तीव्र मध्यम एवढं. त्यामुळे धून ऐकताना षड्ज नक्की कुठला हेच ठरत नाही. ती अधांतरी ठेवूनच तो पुढे जातो. मग बढत, म्हणजे धुनीचा विस्तार, सुरू होते. एक तुकडा घेतो, थांबतो, तोच तुकडा जरा ताणून परत आणतो, मधला स्वर गाळतो, शेपूट जोडतो. बराच पुढे गेल्यावर मूळ धुनीचा एक कोपरा दाखवून जातो. घाई कुठेच नाही. त्या काळातले बरेच वादक धून संपली की ती विसरून वेगाच्या मागे लागायचे. हा आपल्या मुखड्याशी इमान राखतो.

मॅक्स रोचचा एकट्याचा भाग तर तबल्याच्या माणसाने पुन्हा पुन्हा ऐकावा. दोन गोष्टी घेतो, एक तिस्र अंगाचा, म्हणजे तीन-तीनच्या गटांतला, तुकडा आणि एक घुमारा, आणि सगळी इमारत त्या दोनांवर उभी करतो. हा भाग आला तेव्हा गुरुजी सरसावून बसले आणि संपल्यावर एवढंच म्हणाले, "शिकलेला आहे."

१९५८ साली गुंथर शुलर या संगीतकाराने एका जॅझ मासिकात याच चिजेवर मोठा लेख लिहिला आणि रोलिन्सची बढत मूळ धुनीला कशी बांधलेली आहे ते स्वर मांडून दाखवलं. लेख फार गाजला. रोलिन्सला मात्र तो वाचून अवघडल्यासारखं झालं. वाजवताना त्याने असा हिशेब केलाच नव्हता. मला त्याचं म्हणणं पटतं. बारा वर्षं कायदा घोटलेला हात पलटा शोधत बसत नाही.

बाकीच्या चार चिजा 'ब्लू सेव्हन' दहा वेळा ऐकून झाल्यावर. 'सेंट थॉमस' सगळ्यांत लोकप्रिय. रोलिन्सची आई व्हर्जिन बेटांतल्या सेंट थॉमसची, आणि लहानपणी तिच्याकडून ऐकलेल्या गाण्याची ही चाल. रोच कॅलिप्सोच्या, म्हणजे त्या कॅरिबियन बेटांकडच्या गाण्यांच्या, ठेक्याने सुरू करतो आणि रोलिन्सचा विस्तार फक्त दोन स्वरांच्या तुकड्याने उघडतो. तो तुकडा किती वेळा येतो ते मोजा. मध्ये रोच एकटा वाजवतो आणि त्यानंतर ठेकाच बदलतो, कॅलिप्सो जाऊन सरळ स्विंग, म्हणजे जॅझची नेहमीची झुलती चाल, चालू होतो. ती बदलाची जागा पकडता आली की कान तयार व्हायला लागला असं समजा.

'मॉरिटाट' म्हणजे जर्मन नाटककार ब्रेश्टच्या १९२८ च्या नाटकासाठी कुर्ट वाइलने बांधलेली चाल. पुलंनी 'तीन पैशाचा तमाशा' केला तो याच नाटकावरून, तेव्हा मूळ गोष्ट तुमच्या ओळखीची असेल. संथ चीज, 'यू डोन्ट नो व्हॉट लव्ह इज', रात्री दिवा मालवून ऐका. त्यात सॅक्सोफोनचा श्वास ऐकू येतो. 'स्ट्रोड रोड' जलद आहे, मला ती इतरांइतकी भिडत नाही.

या अल्बमनंतर चारच दिवसांनी, २६ जूनला, ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन आणि पियानोवादक रिची पॉवेल मोटार अपघातात गेले. रोच आणि ब्राउन यांच्या पाच वादकांच्या संचातच रोलिन्स तेव्हा वाजवत होता. ब्राउनचंही वय २५ होतं. ही तारीख कळल्यापासून 'सेंट थॉमस'मधला आनंद ऐकताना माझ्या घशात आवंढा येतो.

पुढे १९५९ मध्ये, नाव शिखरावर असताना, रोलिन्सने कार्यक्रम बंद केले आणि दोनेक वर्षं न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज केला, दिवसाला कधीकधी पंधरा तास. चिल्ल्याच्या, म्हणजे जगापासून दूर राहून केलेल्या अखंड रियाजाच्या, गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. साठच्या दशकाच्या शेवटी तो मुंबईत पवईच्या आश्रमात योगाभ्यासासाठी काही महिने राहिला, आणि १९७८ मध्ये मुंबईच्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात येऊन वाजवून गेला.

एक गोष्ट तुम्हाला टोचेल, ती आधीच सांगून ठेवते. इथे तंबोरा नाही. पियानोचे स्वरसमूह खालून सरकत राहतात, त्यामुळे पायाखालचा षड्ज हलल्यासारखं वाटतं. मला त्याची सवय व्हायला वर्ष लागलं. तोपर्यंत पियानोकडे लक्षच देऊ नका, वॉटकिन्सचा बास धरून ठेवा. 'ब्लू सेव्हन'च्या सुरुवातीला तो एकटाच आहे. तिथे मात्रा पक्क्या करा, सोळा-सोळा मोजत तीन आवर्तनं, मग पुन्हा तीन. सॅक्सोफोन आला तरी मोजणं सोडू नका.