हीटरचा स्विच फेकण्याआधी

अरे, हीटरचा पंखा फिरत नाही म्हणून लगेच नवा स्विच मागवू नकोस. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये हीटरच्या पंख्याचा करंट हिरव्या वायरने येतो, तोही इग्निशन चालू असेल तरच. स्विचच्या दोन्ही वायरी क्षणभर एकमेकींना जोडून बघ. पंखा फिरला तर दोष स्विचचाच. नाहीतर फ्यूज आणि काळी अर्थिंगची वायर तपास.

स्विच उघडण्याआधी बॅटरी सोडव. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं, तेच आधी काढ. स्विच बंद ठेवणारे पत्र्याचे कान उचकटताना स्विच पारदर्शक पिशवीत धर. आतली स्प्रिंग टुणकन उडते. माझी एक अजून गॅरेजमध्येच कुठेतरी आहे! काळवंडलेले कॉन्टॅक्ट, म्हणजे करंट जोडणारे धातूचे भाग, बारीक पॉलिश पेपरने हलके घास. पंखाही हाताने फिरवून बघ. जड असेल तर जास्त करंट ओढेल आणि स्विच परत जळेल.