सगळं टेबल नको, १७१५ पक्कं धर

प्रश्न: ताई, ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पेपर दहा दिवसांवर आलाय आणि आयआर, एनएमआर या रेणूची रचना ओळखायच्या दोन स्पेक्ट्रमच्या व्हॅल्यूज काही केल्या डोक्यात राहत नाहीत. रोज टेबल लिहून काढते, रात्री पाठ असतं आणि सकाळी १७३५ एस्टरचं की कीटोनचं तेच आठवत नाही. काय करू?

उत्तर: अगं, आधी ते टेबल लिहून काढणं थांबव. आकडे सुटे सुटे पाठ केले की एकमेकांत मिसळणारच, त्यात तुझी काही चूक नाही. आयआरमध्ये साध्या कीटोनच्या कार्बोनिलचं (C=O) १७१५ cm⁻¹ तेवढं पक्कं धर आणि बाकीचं त्याच्यापासून वर की खाली एवढंच विचार. एस्टरमधला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढतो, कार्बोनिलचा बाँड ताठ होतो, म्हणून वर, १७३५-४०. अ‍ॅसिड क्लोराइडमध्ये क्लोरीन ओढतो आणि आपली लोन पेअर (बाँडात न गुंतलेली इलेक्ट्रॉनची जोडी) फारशी परत देत नाही, म्हणून थेट १८०० च्या आसपास. अमाइडमध्ये उलट, नायट्रोजन आपली लोन पेअर देऊन टाकतो, डबल बाँड थोडा सिंगलसारखा ढिला पडतो आणि पीक १६५०-१६९० ला उतरतो. शेजारी कॉन्ज्युगेशन (एकाआड एक डबल बाँड) असेल तर अजून ३० एक कमी कर. बस.

अ‍ॅसिडचं मात्र आकड्यापेक्षा रूप लक्षात ठेव, २५०० पासून ३३०० पर्यंत पसरलेला तो जाडा ओएच एकदा नीट बघितलास तर आयुष्यात विसरणार नाहीस.

एनएमआरमध्येपण ओढाओढीचाच हिशोब. एथिल अ‍ॅसिटेट घे, स्पेक्ट्रम न बघता आधी स्ट्रक्चर काढ. साखळीच्या टोकाचा सीएचथ्री १.३ ppm ला ट्रिपलेट (तीन रेषा), कार्बोनिलला चिकटलेला सीएचथ्री २ ला सिंगलेट (एक रेषा), आणि ऑक्सिजनला चिकटलेला सीएचटू पार ४.१ ला क्वार्टेट (चार रेषा), कारण त्याचे इलेक्ट्रॉन सगळ्यात जास्त ओढले गेलेत. बेंझीन रिंगचे ७ च्या आसपास आणि अल्डिहाइडचा ९ ते १० ला, हे दोन मात्र सरळ पाठच कर, तिथे नुसत्या ओढाओढीने भागत नाही.

रोज असे पाच रेणू घे, व्हॅल्यूज आधी स्वतः लिही आणि मगच स्पेक्ट्रम उघड, चुकलीस तिथे का चुकलीस ते बाजूला एका ओळीत लिहून ठेव. आणि हो, पेपरात व्हॅल्यूजचा तक्ता देतात का ते आजच सरांना विचारून घे, देत असतील तर यातली अर्धी मेहनत सरळ स्प्लिटिंगच्या, म्हणजे पीक किती रेषांत फुटतो त्याच्या, सरावावर घाल.