कॅलिफोर्नियाने कामगार भरपाई विमा (कामावरच्या इजेसाठी मालकाने घ्यायचा विमा) स्वस्त करताना नेमकं काय बदललं?

प्रीमियम थेट उतरवला नाही, खर्चाच्या वाटा अडवल्या. 2004 च्या कायद्यातला (एसबी 899, म्हणजे सिनेट विधेयक 899) सगळ्यात धारदार बदल म्हणजे कारणांनुसार विभागणी. समजा, कामगाराला पाठीचं 30 टक्के कायमचं अपंगत्व आलं आणि डॉक्टरांच्या मते त्यातला 40 टक्के वाटा जुन्या संधिवाताचा आहे. मग भरपाई 18 टक्क्यांचीच. इथे डॉक्टरांच्या अहवालात नुसता आकडा पुरत नाही, 'कसं आणि का' हेही लिहावं लागतं. बहुतेक भांडणं तिथेच पेटतात.

मालक किंवा विमा कंपनीने ठरवलेलं डॉक्टरांचं नेटवर्कही याच कायद्याने आणलं. तात्पुरत्या अपंगत्वाचा भत्ता साधारण 104 आठवड्यांवर थांबवला. एक चांगली तरतूद मात्र लोक विसरतात: दावा अर्ज दिल्यावर एका कामकाजी दिवसात उपचारांना मंजुरी द्यावी लागते आणि दावा नाकारेपर्यंत 10,000 डॉलरपर्यंतचा खर्च द्यावाच लागतो.

कायमच्या अपंगत्वाच्या रकमा मात्र फारच छाटल्या गेल्या. 2012 च्या एसबी 863 ने त्या वाढवल्या, पण उपचारांचे वाद न्यायाधीशांकडून काढून स्वतंत्र वैद्यकीय पुनरावलोकनाकडे, म्हणजे बाहेरच्या डॉक्टरकडे दिले. तो डॉक्टर रुग्णाला पाहत नाही, फक्त कागद वाचतो. उपचार करणाऱ्याने नोंदी अर्धवट पाठवल्या की नकार आलाच समजा.