सेकंडहँड पिकअप : 2018 चं साधं मॉडेल घेऊ की 2016 चं टॉप?

तुम्ही लिहिलंय की बजेट साडेचार लाख आहे, काम कराडहून साताऱ्याला आणि अधूनमधून पुण्याला भाजी पोचवायचं आहे, आणि दोन गाड्या नजरेत आहेत. एक 2018 ची, बेस, बिनपॉवरची. दुसरी 2016 ची, टॉप, पॉवर स्टेअरिंग आणि एसीवाली. शेवटी लिहिलंय, ‘घरचे म्हणतात वर्ष बघून घे.’ हे शेवटचं वाक्य नसतं तर मी काही लिहायला बसलो नसतो.

आमच्याकडेही घरचे असंच म्हणाले होते. घरचे म्हणजे आमचे दाजी.

आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. 2020 च्या डिसेंबरात, हंगाम तोंडावर आल्यावर, भाड्याच्या गाड्यांना कंटाळून मी स्वतःची पिकअप घ्यायचं ठरवलं. मला एक गाडी आवडली होती आटपाडीची. 2016 ची, पॉवर होतं, एसी नव्हता. हौद्याच्या कडेला दोन पोचे, पुढचा बंपर तारेनं बांधलेला. मालक स्वतः चालवायचा, स्वतःच्या बागेची डाळिंबं न्यायचा. सांगत होता तीन साठ आणि एक रुपया खाली येत नव्हता. मी सकाळी सातला न कळवता गेलो, गार इंजिन एका सेल्फला सुरू झालं. ऑइलचं झाकण उघडून बघितलं, धूर नाही. मागच्या पाट्यांत, म्हणजे चाकावरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांत, जादा पान घातलेलं नव्हतं. मला एवढं बास होतं.

दाजींना सोबत नेलं ही चूक. त्यांनी बंपर बघितला आणि तोंड फिरवलं. परतीच्या वाटेवर म्हणाले, “पावणं, ह्यो डबा घिऊन गावात यायचं व्हय? दोन वर्सं म्हंजे दोन वर्सं. उद्या इकताना पाटं कुणी इचारत न्हाई, मॉडेल इचारत्यात, मॉडेल!” आणि तिसऱ्या दिवशी सांगलीतल्या एका एजंटाकडची गाडी दाखवायला घेऊन गेले. 2018 ची, टॉप. पॉवर, एसी, म्युझिक, सीटला नवं कव्हर, खाली नवी मॅट, डॅशबोर्ड पॉलिश मारून चकचकीत. किंमत तीन नव्वद. त्या सालाच्या तसल्या गाडीला तेव्हा साडेचारच्या आसपास मागत होते. साठ हजार स्वस्त का, हे मी विचारलं. एजंट म्हणाला, मालकाला अडचण आहे. दाजी म्हणाले, बघा.

केबिनमध्ये अत्तराचा वास होता. मालगाडीच्या केबिनमध्ये अत्तर! तिथंच उठून यायला पाहिजे होतं. पण बहिणीच्या नवऱ्यासमोर किती नाही म्हणणार? विसार दिला.

महिनाभर बरी चालली. नाही म्हणायला काच वर घेताना अडकायची, हॉर्न कधी वाजायचा कधी नाही. दाजी म्हणाले, एवढं चालायचंच. मग फेब्रुवारीत साडेतीनशे पेटी भरून, चार किलोची पेटी, मी आणि चुलतभाऊ वाशीला निघालो. कराड, सातारा सुरळीत गेलं. रात्री साडेबाराच्या सुमाराला खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो. ज्यांना तो रस्ता माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको : तेव्हा बोगद्यातून बाहेर पडलं की उतार आणि ते एस वळण होतं. बोगद्याच्या निम्म्यात डॅशबोर्ड विझला. मग हेडलाइट गेले. मग इंजिन.

इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टेअरिंगही बंद. ज्या पॉवरसाठी टॉप मॉडेल घेतलं, ते चाक दगड झालं. दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेकचंही लाकूड झालं. चौदाशे किलो माल मागून ढकलतोय आणि मी दोन्ही पाय ब्रेकवर घेऊन उभा. भावानं हँडब्रेक ओढला, मी गाडी डाव्या अंगाला घासत नेली आणि वळणाच्या अलीकडं थांबलो. मागून दुधाचा टँकर येत होता. त्या ड्रायव्हरनं टँकर आमच्या मागं आडोशाला लावून इंडिकेटर चालू ठेवले, आम्ही दगड लावेपर्यंत हलला नाही. कोल्हापूरचा होता, नाव विचारायचं राहिलं.

पहाटे शिरवळहून दुसरी पिकअप बोलावली. अंधारात साडेतीनशे पेट्या या हौद्यातून त्या हौद्यात. माल वाशीला पोचला साडेदहाला, तोवर बाजार होऊन गेला होता. कितीला गेला ते लिहीत नाही.

गाडी शिरवळच्या एका वायरमनकडं ओढून नेली. त्यानं फ्यूजबॉक्स उघडला, टर्मिनलवर हिरवी भुकटी. काही न बोलता ड्रायव्हर बाजूचा सीटबेल्ट धरला आणि शेवटच्या टोकापर्यंत ओढला. आपण बेल्ट कधी पूर्ण ओढत नाही, छातीवरून लावण्यापुरताच ओढतो. आतल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या चिखलाची सरळ रेघ होती. मॅट उचलली, सीटच्या पट्ट्या गंजलेल्या. वायरमन म्हणाला, “ही 2019 ला पोहलीय.”

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी 45. सांगलीच्या निम्म्या गल्ल्या कित्येक दिवस पाण्यात होत्या, त्यात किती गाड्या उभ्या असतील याचा हिशेब तुम्हीच करा. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच झालं. त्या गाड्या गेल्या कुठं? धुतल्या, पॉलिश केल्या, अत्तर मारलं आणि ‘मालकाला अडचण आहे’ म्हणून विकल्या गेल्या. सगळ्या नव्हे, पण माझी तरी तशीच होती. घरी आल्यावर विम्याची जुनी पॉलिसी काढून बघितली. नो क्लेम बोनस शून्य. दोन वर्षांच्या गाडीला बोनस शून्य म्हणजे क्लेम घेतलेला असणार, हे कागद हातात असताना मला वाचता आलं नाही. गाडीच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोष पाण्याचा होता, आणि पाण्याबद्दल न बोलणाऱ्याचा.

दाजींचं आजही म्हणणं आहे की पाणी लागलं असतं तर गाडी महिनाभर चाललीच नसती, मीच लोड जास्त घातला. दाजी, वायरिंगला पाणी लागलं की ते लगेच मरत नाही, आतून गंजत जातं. आणि लोडनं हेडलाइट जात नाहीत. हे मी तीन लग्नांत आणि एका वास्तुशांतीत सांगून झालंय.

आता तुमच्याकडं येतो. तुमची 2016 ची गाडी कुठं उभी असायची ते आधी विचारा. सांगली, कृष्णाकाठ, वारणाकाठ, कराडचा नदीकडचा भाग असेल तर बेल्ट पूर्ण ओढा, मॅट उचला, स्टेपनीच्या जागेत हात घाला, फ्यूजबॉक्स उघडायला लावा. उघडू देत नसेल तर चहा न पिता निघा. 2018 चीला पण हेच, ती काय पुरात पाण्यावर तरंगत नव्हती. माण, खटाव, आटपाडी, जत असल्या दुष्काळी भागातली गाडी मिळाली तर वर्षाकडं थोडा कानाडोळा करा. पत्रा उन्हानं फिका पडतो, पण वायरिंग कोरडं राहतं.

वर्षाबद्दल अजून एक. आरसी बुकावर नोंदणीची तारीख वेगळी आणि गाडी बनल्याचा महिना वेगळा असतो. जानेवारी 2018 ला नोंदवलेली गाडी 2017 च्या मध्यात बनलेली असू शकते. विकणारा नोंदणीचं साल सांगेल, तुम्ही बनल्याचा महिना बघा. 2017 च्या मार्चची असेल तर जास्तच बघा. 1 एप्रिल 2017 पासून बीएस तीनची, म्हणजे धुराच्या जुन्या मानकाच्या गाड्यांची, विक्री सुप्रीम कोर्टानं थांबवली, त्यामुळं आदल्या दोन दिवसांत शोरूमवाल्यांनी मोठी सूट देऊन स्टॉक खाली केला होता. ती गाडी वाईट असते असं नाही, पण ‘2017 मॉडेल’ म्हणून बीएस चारचा भाव देऊ नका. तुमची 2016 ची सातारा पासिंगची असेल तर बहुतेक बीएस तीनच असणार. पुण्याला आणि सोलापूरला बीएस चार 2010 पासून होतं, आपल्याकडं नव्हतं.

बेस की टॉप म्हणाल तर पॉवर स्टेअरिंग ही चैन नाही. मार्केट यार्डात भरल्या गाडीनं रोज मागं-पुढं करून बघा बिनपॉवरचं, महिन्यात खांदा बोलेल. माझी पॉवर बोगद्यात दगड झाली तरी मी हेच म्हणतो. एसीवर मात्र जादा पैसे घालू नका. भरलेल्या जुन्या पिकअपला घाटात एसी बंदच करावा लागतो. म्युझिकवर तर अजिबात नको. त्यापेक्षा हौदा कुणी बांधलाय ते बघा : कंपनीचा हौदा आहे की केबिन-चेसी घेऊन बाहेर बांधून घेतलाय, आणि बाहेरचा असेल तर चेसीवर कुठं वेल्डिंग मारलंय. पाट्यांत जादा पानं असतील तर गाडीनं वाळू किंवा डबर ओढलंय, ती सोडा. दुधाच्या रूटची गाडी मीटर जास्त असलं तरी घ्या, रोज तोच रस्ता, तोच ड्रायव्हर, तोच वजनाचा अंदाज.

तर माझं मत 2016 चं टॉप, ती कोरडी असेल तर. घरच्यांना मी सांगितलं म्हणून सांगू नका, त्यांना वाटेल कुणीतरी नेटवरचा.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. दाजींचं एक खरं आहे : विकताना लोक मॉडेलच विचारतात, आणि कर्ज काढणार असाल तर जुन्या सालाला फायनान्सवाले नाक मुरडतात. आठ वर्षं झालेल्या मालगाडीचं पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, दर वर्षी करावं लागतं, तो खर्च धरा. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय सगळे पैसे देऊ नका. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून चलनं बघा, मागच्या मालकाची चलनं तुमच्या गळ्यात पडतात. एकूण वजन 3000 किलोच्या आतली गाडी असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही, पिकअपचे मोठे टनेज त्याच्या वर जातात, तेव्हा आरसीवरचं वजन वाचा. आणि बीएस सहाची, म्हणजे 2020 नंतरची स्वस्तात दिसली तर सायलेन्सरमधल्या फिल्टरची चौकशी केल्याशिवाय हात लावू नका. गावातल्या गावात फिरलेली असेल तर तो चोंदलेला निघतो.

ती आटपाडीची गाडी मागच्या महिन्यात सांगलीच्या यार्डात दिसली. बंपर अजून तारेनंच बांधलेला आहे. मालकाला विचारलं, द्यायची का? म्हणाला, चार लाख.